उंचीचे तीन सेंटीमीटर आणि चार लाख रुपये

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. बारावी सायन्सला त्याला ५६ टक्के मिळाले. यजमान हर्णै बंदरात ट्रॉलरवर खलाशी आहेत आणि घरची थोडी आंब्याची कलमे आहेत. मुलाने गेल्या वर्षी लष्कराच्या अग्निवीर भरतीची ऑनलाइन परीक्षा दिली. तीत पास होऊन तो कोल्हापूरला मैदानावर गेला, धावण्यात आणि बीममध्ये (पुल-अपमध्ये) निघाला, पण उंची १६५ भरल्यामुळे त्याला बाहेर काढले. आता यजमानांच्या चुलत भावाच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात की उंचीचे आम्ही बघतो, चार लाख लागतील, एक लाख आत्ता आणि बाकीचे ऑर्डर हातात आल्यावर. काम झाले नाही तर पैसे परत. विश्वासासाठी त्यांनी दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका मागितल्या. दहावीची आम्ही देऊन बसलो आहोत. पैशांसाठी कलमे गहाण टाकण्याचे घरात चालले आहे. काही जण नेव्हीचा फॉर्म भरा म्हणतात, पण समुद्र आम्ही जन्मभर पाहिला आहे, मुलाला तिथे पाठवावे असे मला वाटत नाही. पैसे द्यावेत का? आणि चार वर्षांनी घरी पाठवतात हे खरे का?
— एक आई, दापोली तालुका

उत्तर

ताई, नमस्कार.

पैसे देऊ नका, कलमे गहाण टाकू नका आणि बारावीची गुणपत्रिका घराबाहेर जाऊ देऊ नका. दहावीची परत कशी मिळवायची ते शेवटी सांगतो, कारण त्यात भावकी गुंतलेली आहे आणि ते काम थोडे सांभाळून करावे लागेल.

आधी उंचीचे पाहू. लष्कराच्या भरतीत महाराष्ट्रातील उमेदवारांसाठी जनरल ड्युटी आणि ट्रेड्समन या प्रकारांना १६८ सेंटीमीटर, टेक्निकलला १६७ आणि क्लार्कला १६२ सेंटीमीटर उंची लागते. सैनिकाच्या किंवा माजी सैनिकाच्या मुलाला दोन सेंटीमीटरची सवलत मिळते, परंतु ती तुम्हाला लागू नाही आणि लागू असती तरी तुमचा मुलगा १६६ च्याही खाली राहिला असता. मैदानावर मोजलेली उंची कागदावर चढते, आणि पुढे वैद्यकीय तपासणीत लष्कराचे डॉक्टर पुन्हा शरीर तपासतातच. रात्रीच्या झोपेनंतर माणूस दिवसअखेरीपेक्षा साधारण एक सेंटीमीटर उंच भरतो, हे खरे आहे, आणि ज्या मुलाची उंची अगदी काठावर आहे त्याला त्याचा उपयोगही होतो. मात्र तीन सेंटीमीटर झोपेने, लटकून किंवा बाजारातल्या पावडरीने वाढत नाहीत. तेव्हा “उंचीचे आम्ही बघतो” म्हणणारा गृहस्थ नेमके काय बघणार आहे, हा प्रश्न त्यालाच विचारून पाहा. उत्तरात मोठ्या साहेबाचे नाव येईल, रीत येणार नाही.

तुमच्या मनात कदाचित असे असेल की, काम झाल्यावरच तीन लाख द्यायचे असल्याने यात फारसा धोका नाही. या धंद्याची सगळी मेख नेमकी त्या अटीत आहे. समजा, एखाद्या दलालाने वीस मुलांशी असाच व्यवहार केला आणि त्यांतली तीन मुले आपल्या मेहनतीने निवडली गेली, तर त्या तिघांचे मिळून बारा लाख त्याच्या खिशात जातात, आणि त्यासाठी त्याने एक फोनसुद्धा केलेला नसतो. उरलेल्या सतरा जणांना तो “या वेळी वरून फार कडक होते” असे सांगून काहींचे पैसे परत करतो, काहींचे पुढच्या भरतीवर ढकलतो. ज्यांचे परत केले ते चार ठिकाणी त्याचा प्रामाणिकपणा सांगत फिरतात, आणि त्याची पुढची गिऱ्हाइके त्यांच्याकडूनच येतात. निवडल्या गेलेल्या मुलाला तर आयुष्यभर वाटत राहते की आपण पैशाने लागलो. त्याच्या धावण्याचे, त्याच्या अभ्यासाचे श्रेय एक अनोळखी माणूस घेऊन जातो. मला या प्रकाराचा सर्वांत जास्त राग येतो तो याच कारणासाठी. तुमच्या बाबतीत तर निवड होण्याची शक्यताच नाही, त्यामुळे तुमचा एक लाख “परत” या शब्दावर अवलंबून राहील. मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्यामागचा हेतूही विश्वासाचा नसतो. निवड झालेल्या मुलाने पैसे बुडवू नयेत आणि न झालेल्याने तक्रार करू नये म्हणून ते कागद ओलीस ठेवले जातात, आणि त्या काळात मुलाला दुसऱ्या कोणत्याही भरतीत मूळ कागद दाखवता येत नाहीत.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. सरकारी माणसाकडून काम करून घेण्यासाठी कोणाच्याही हाती पैसे देणे हा २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली देणाऱ्याचाही गुन्हा आहे; बळजबरीने द्यावे लागले असतील तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्यालाच त्यातून सूट मिळते. सैन्यात पोलीस पडताळणी होते, आणि ज्या मुलाच्या नावावर गुन्हा नोंदला गेला त्याची वाट तिथेच अडते. चार लाखांनी दार उघडण्याऐवजी कायमचे बंद होण्याची जोखीम त्यात आहे.

तुम्ही दापोलीच्या आहात म्हणून एक आडवळणाची गोष्ट सांगतो. जुनी माणसे अजून ज्याला कॅम्प दापोली म्हणतात, तिथे इंग्रजांच्या काळात पेन्शनीत निघालेल्या शिपायांची मोठी वस्ती होती. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले. १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा दापोलीत राहणारे निवृत्त सैनिक गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरसेनापतींना उद्देशून विनंतीपत्र तयार केले आणि ही दारे पुन्हा उघडावीत अशी मागणी केली. त्या वेळी माणूस कोणत्या जातीत जन्मला यावर भरती अडत होती आणि अडवण्याचे कारण त्याला वाचायलाही मिळत नव्हते. आज तुमच्या मुलाला अडवणारी अट जाहिरातीत छापलेली आहे, सेंटीमीटरमध्ये आहे आणि ती कोणालाही वाचता येते. म्हणूनच ती वाचून, जिथे १६५ चालतात तिथे अर्ज करणे हे चार लाखांपेक्षा शहाणपणाचे आहे.

अशी ठिकाणे आहेत. लष्करातील क्लार्कच्या पदाला १६२ सेंटीमीटर पुरतात, परंतु त्यासाठी बारावीला एकूण ६० टक्के लागतात, त्यामुळे ५६ टक्क्यांवर ते जमणार नाही. नौदलात मात्र अग्निवीर म्हणून भरती होण्यासाठी १५७ सेंटीमीटर उंची पुरते. त्यातील एसएसआर (सीनियर सेकंडरी रिक्रूट) या बारावीवरच्या प्रकाराला बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र असावे लागते आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. तुमचा मुलगा सायन्सचा आहे; त्याने गणित घेतले होते ना, एवढे पाहून घ्या, कारण आपल्याकडे अनेक मुले गणित सोडून जीवशास्त्र घेतात. गणित नसेल तर दहावीवर एमआर (मॅट्रिक रिक्रूट) हा प्रकार उरतो. हवाई दलाच्या अग्निवीर वायूसाठी उंचीची अट नौदलापेक्षाही कमी आहे, पण तिथे इंग्रजीत स्वतंत्रपणे ५० टक्के गुण मागतात. वयाची मर्यादा साधारण साडेसतरा ते २१ वर्षे आहे, आणि प्रत्येक जाहिरातीत जन्मतारखांची अचूक मुदत दिलेली असते. म्हणजे मुलाच्या हातात अजून सुमारे दोन वर्षे आहेत.

तटरक्षक दलाचे नाव तुमच्या पत्रात नाही, याचे मला नवल वाटले. त्यांच्या गस्ती बोटी तुमच्या यजमानांना नक्की परिचयाच्या असतील आणि रत्नागिरीत त्यांचे ठाणेही आहे. तटरक्षक दलात नाविक जनरल ड्युटी या पदासाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते, डोमेस्टिक ब्रँचसाठी (स्वयंपाकी, वाढपी यांसारख्या कामांसाठी) दहावी चालते, उंची १५७ सेंटीमीटर पुरते आणि वय १८ ते २२ असावे लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे दल अग्निपथ योजनेत येत नाही, त्यामुळे चार वर्षांनी घरी पाठवण्याचा प्रश्न तिथे उद्भवत नाही. जागा कमी आणि अर्ज पुष्कळ असल्यामुळे परीक्षा अवघड जाते. तरीही तुमच्या घराच्या परिस्थितीकडे पाहता मी या पदाला पहिला अर्ज करायला सांगेन.

आता चार वर्षांविषयी. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार लष्कर, नौदल आणि हवाई दलातील अग्निवीरांची सेवा चार वर्षांची असते, आणि त्यानंतर प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम सेवेत घेतले जाते. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरलेले आहेत; त्यांतले ३० टक्के सेवानिधीत, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणाऱ्या निधीत, वळते होऊन २१,००० हाती येतात. चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,००० हाती येतात. मुलाच्या कपातीइतकीच रक्कम सरकार घालते आणि शेवटी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये करमुक्त मिळतात. सेवाकाळात ४८ लाखांचा विमा असतो, मात्र ग्रॅच्युइटी आणि पेन्शन मिळत नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये माजी अग्निवीरांसाठी दहा टक्के जागा राखून वयात सवलत देण्याची घोषणा योजना जाहीर झाल्यावर काही दिवसांतच झाली होती. दलालाचे चार लाख या हिशोबात ठेवून पाहिले, तर पहिल्या दीड वर्षाचा हाती येणारा सगळा पगार त्यालाच जातो, गहाणावरचे व्याज वेगळे. चार वर्षांच्या नोकरीसाठी असा सौदा कोणत्याही घराला परवडणारा नाही.

समुद्राची तुमची भीती मी हलक्यात घेत नाही. ज्या घरातला माणूस नारळी पौर्णिमेनंतर रोज खोल पाण्यात जातो, त्या घरातल्या बाईला समुद्राविषयी बाहेरच्या माणसाने शिकवण्यासारखे काही नाही. तरी नौदलाची नोकरी म्हणजे ट्रॉलरवरची नोकरी नव्हे, एवढे लक्षात घ्या. मुलांना प्रथम ओडिशातील आयएनएस चिल्का येथे प्रशिक्षण मिळते, पोहणे येत नसले तरी तिथे शिकवतात, आणि नौदलातील पुष्कळ कामे किनाऱ्यावरच्या तळांवर चालतात. जहाजावर नेमणूक झाली तर महिनोन्‌महिने घर दिसत नाही, हेही तितकेच खरे आहे आणि ते मी लपवणार नाही. मात्र तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि त्यात ते गृहस्थ काय म्हणतात, इतर काही जण काय म्हणतात, तुम्हाला काय वाटते हे सगळे आहे. मुलाला समुद्रावर जायचे आहे की नाही, याची एक ओळही नाही. १९ वर्षांच्या मुलाला हे विचारायला हवे. कदाचित त्याला लष्कराचाच ध्यास असेल आणि १६५ ऐकल्यावर तो खचला असेल. कदाचित त्याला कोणत्याच गणवेशाचे वेड नसेल आणि तो मित्रांबरोबर कोल्हापूरला गेला असेल. दोन्ही बाबतींत पुढची पावले वेगळी पडतील. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत यजमान घरी असतात, तेव्हा तिघांनी बसून हे बोलणे बरे.

त्याचा होकार असेल तर तयारीविषयी काही गोष्टी सांगतो. १.६ किलोमीटर धावण्यासाठी लष्करात पूर्ण गुण हवे असतील तर साडेपाच मिनिटांची वेळ गाठावी लागते. नौदलात साडेसहा मिनिटे आणि तटरक्षक दलात सात मिनिटे मिळतात. जो मुलगा कोल्हापूरच्या मैदानावर निघाला त्याला धावण्याची चिंता उरत नाही. नौदलात त्याशिवाय २० उठाबशा, १५ पुश-अप आणि १५ सिट-अप असतात. आपल्या किनाऱ्यावरची मुले ओहोटीच्या ओल्या वाळूवर धावतात आणि मग ४०० मीटरच्या गोल मैदानावर वळणे घेताना, गर्दीत कोपर लागताना गोंधळतात, म्हणून आठवड्यातून एकदा तरी सड्यावरच्या मोजलेल्या मैदानात चार फेऱ्या मारून घ्याव्यात. खरा जोर लेखी परीक्षेवर द्यावा लागेल. लष्कराची ऑनलाइन परीक्षा २०२५ मध्ये मराठीसह १३ भाषांत घेतली गेली, परंतु नौदलाची प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापला जातो. त्यामुळे बारावीचे गणित आणि भौतिकशास्त्र पुन्हा उघडायला हवे.

वैद्यकीय तपासणीत मुले ज्या कारणांनी मागे पडतात, त्यांतली बरीच कारणे आधीच कळू शकतात. दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन डोळे, विशेषतः रंग ओळखण्याची क्षमता, कानातला मळ, किडके दात, सपाट तळवे, एकमेकांना लागणारे गुडघे आणि अंडवृद्धी यांची तपासणी करून घ्या. आपल्या दमट हवेत, त्यातून खाऱ्या पाण्यात काम करणाऱ्या घरांत, गजकर्णाचा त्रास सर्रास असतो. तो चार-सहा आठवड्यांच्या औषधाने जातो, पण भरतीच्या दिवशी अंगावर असेल तर अडचण होते. रंगांधळेपणा असेल तर मात्र इलाज नाही, आणि ते अर्ज करण्यापूर्वी कळलेले बरे. गोंदवण कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूलाच चालते. दंडावर किंवा छातीवर काही काढून घेतलेले नाही ना, हे त्याला विचारा, आणि जत्रेत मित्रांबरोबर काढून घेऊ नकोस असेही सांगा.

कागदांच्या बाबतीत एक शंका मला राहून राहून येते. उंचीची अट जाहिरातीत छापलेली असते, मग १६५ चा मुलगा मैदानापर्यंत गेला कसा? बहुधा सायबर कॅफेवाल्याने अटी न वाचताच अर्ज भरला असावा. पुढचा अर्ज मुलाने स्वतः, अधिकृत संकेतस्थळावर, स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि स्वतःचा ई-मेल देऊन भरावा. कॅफेवाल्याचा क्रमांक दिला की प्रवेशपत्राचा संदेश त्याच्याकडे जातो आणि तो कळवायला विसरतो. आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका यांवरील नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख अक्षरशः जुळली पाहिजे. आपल्याकडे एका कागदावर कुळाचे आडनाव आणि दुसऱ्यावर गावावरून पडलेले आडनाव असे बऱ्याच घरांत असते. ते आताच दुरुस्त करायला घ्या, कारण त्या कामाला महिने लागतात. तहसीलदारांचा अधिवास दाखला काढून ठेवा. चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला मात्र सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, तो बोलावणे आल्यावरच घ्या. खर्चाचे म्हणाल तर नौदलाच्या अर्जाला ५५० रुपये अधिक कर आणि तटरक्षक दलाला ३०० रुपये लागतात, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तटरक्षक दलाचे शुल्क माफ असते, आणि अर्जाच्या शुल्काखेरीज भरतीत कोणालाही काहीही द्यायचे नसते. रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन शंका विचारता येतात.

राहिली दहावीची गुणपत्रिका. यजमानांनी प्रथम आपल्या चुलत भावाकडे एकट्याने जावे आणि त्याला दोषी न धरता सांगावे की मुलाची उंची १६५ आहे, लष्करात ती बसत नाही, आम्ही दुसरीकडे अर्ज भरत आहोत आणि त्यासाठी मूळ कागद लगेच हवा आहे. हे सगळे खरेच आहे, त्यामुळे कोणाची अब्रू जात नाही आणि त्या गृहस्थाला वाद घालायला जागा उरत नाही. मागणी मोबाइलवर लेखी संदेशानेही करावी, म्हणजे पुरावा राहील. आठ दिवसांत गुणपत्रिका आली नाही, किंवा परत देण्यासाठी पैसे मागितले, तर पोलीस पाटलांना बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयालाही दलालाविषयी लेखी कळवा. रत्नागिरी जिल्हा त्यांच्याकडेच येतो. तक्रारीची प्रत जोडून शाळेमार्फत रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळाकडे दुय्यम गुणपत्रिकेचा अर्ज करता येतो. त्यामुळे तो कागद अडवून कोणी तुम्हाला फार काळ धरून ठेवू शकणार नाही, आणि ही गोष्ट बोलण्याच्या ओघात त्या गृहस्थाच्या कानावर गेली तरी चालेल.